चार ठोक्यांनंतर

नाचणगावचा तो मेकॅनिक आधी गाडी डोळे मिटून ऐकतो, झोप लागल्यासारखा, आणि मगच पान्याला हात लावतो. आमचे हे गेल्यावर मागे राहिलेल्या मोटरसायकलचा कार्ब्युरेटर काढून त्यानं घरीच जुळवलेलं फ्युएल इंजेक्शन बसवलं. पेट्रोल मोजून सोडणारा त्या इंजेक्शनचा कॉम्प्युटर स्टीलच्या डब्यात. गाडी अगदी एकसुरी चालू लागली. मी अजून कान लावूनच उभी.

"काऊन आजी, नाई आवडलं?"

"ह्यांची गाडी दर चार ठोक्यांनंतर अडखळे रे बापा."

नवी नवरी असताना गल्लीच्या टोकाशी ते अडखळणं ऐकलं की मी धावत जाऊन गालांना पावडर लावायची. एकदा तर तसल्याच गाडीवरच्या दूधवाल्यापुढे नटून उभी राहिले, येडी कुठली.

त्यानं डोळे मिटले, मग लॅपटॉपवर आकडे मागेपुढे केले.

"गाडी पेट्रोल जास्त खाईन. खाऊ द्या."

चार ठोक्यांनंतर गाडी अडखळली. माझा हात आपोआप गालाकडे गेला.