वीस किलोचा लंगर

माझ्या बायकोच्या मामांइतकं नीट थांबता येणारा माणूस गोदावरीने आजवर पाहिलेला नाही. हे मत आधी मामांचं स्वतःचं होतं, माझं नंतर झालं. तलवाड्याच्या बाजारात त्यांचं किराणा दुकान. घरात पिढ्यान्‌पिढ्या मासा शिजलेला नाही, अंड्यालाही उंबऱ्याच्या आत प्रवेश नाही. तरी दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून हा गृहस्थ रोज सकाळी स्कूटरवर नदी गाठतो आणि गळ घेऊन स्वतःच्या होडीत बसतो. मासा लागला की वर काढतो, चष्मा सावरून त्याचं तोंड नीट पाहतो आणि परत सोडून देतो. लोकांना आधी वाटलं, काही नवस असेल. पण मामांचा जीव माशात नव्हताच. वाहत्या पाण्यात होडी एका जागी कशी उभी करावी, हा त्यांचा विषय, मासे निमित्तमात्र.

त्यांचा लंगर म्हणजे दुकानातलं वीस किलोचं लोखंडी वजन. वडिलांच्या काळापासून त्याने अर्ध्या गावाची ज्वारी तोलली. मग आकडे दाखवणारा काटा आला आणि वजन पोत्यांआड गेलं. मामांनी ते बाहेर काढलं, विहिरीत पडलेली बादली काढायचा आकडा त्याच्या खाली जोडला आणि त्याला नदीत नोकरी दिली. हे वजन पाण्यात फेकायचं नाही. झोपलेलं लेकरू गादीवर ठेवावं तसं सोडायचं. दोर होडीच्या तोंडालाच बांधायचा, शेपटाला कधीच नाही, आणि गाठ अशी मारायची की एका हिसक्याला सुटली पाहिजे. पाणी एक पुरुष खोल असेल तर दोर पाच पुरुष लांब. या हिशेबापायी घरातला एकही दोर जागेवर राहिला नाही. "हिरीचा दोर नेला, दावणीचा नेला," मामी मला म्हणाल्या, "आता माझ्या येणीवर डोळा हाय ह्यांचा."

एकदा मी हौसेने त्यांच्याबरोबर गेलो. वजन सोडून झालं. मग काठावरचं लिंबाचं झाड आणि त्याच्यामागचा देवळाचा कळस एका रेषेत धरून मामा टक लावून बसले. ती रेष हलली म्हणजे लंगर सरकतोय. ती चार बोटं हलली. वजन वर घेतलं, होडी वर नेली, पुन्हा सोडलं. असं चारदा झालं. पाचव्या वेळी झाड आणि कळस दोघेही शिस्तीत उभे राहिले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि घरी जेवायला जायची वेळ झाली होती. गळ पाण्यात पडलाच नाही. "आज लई झ्याक थांबलो, जावईबापू," मामा समाधानाने म्हणाले.

दुसऱ्याच्या गळाजवळ होडी उभी करणं हे त्यांच्या लेखी दुसऱ्याच्या ताटात हात घालण्यासारखं. दगडू भोई, ज्याचं पोट खरोखर मासेमारीवर चालतं, एकदा त्यांच्या शेजारी येऊन धाडकन दगड टाकून थांबला. मामांनी त्याला अर्धा तास व्याख्यान दिलं. दगडू म्हणाला, "मामा, नदी लई मोठी हाय." मामा म्हणाले, "मोठी हाय म्हणूनच म्हणतो, लांब थांब की बे." जमिनीवरही तेच. लग्नात ते स्कूटर तोंड रस्त्याकडे करून लावतात, पंगतीत दोन्ही बाजूंना एकेक पाट मोकळा ठेवतात आणि एका भाच्याच्या साखरपुड्यात त्यांनी प्रत्यक्ष नवरदेवाची गाडी ढकलून मागे लावायला लावली होती.

होडीच्या तोंडाशी एक विळा खोचलेला असे. गाठ सुटली नाही तर दोर सरळ कापायचा, लोखंडाची माया धरायची नाही, असा मामांचा कडक नियम होता. म्हणून वजनाला वेगळ्या दोरीने तेलाचा रिकामा पिवळा डबाही बांधलेला असे. डबा वर तरंगतो, वजन कुठे आहे ते कळतं, कुणाचं जाळंही त्यात अडकत नाही. पण दगडूचा या वैराग्यावर विश्वास नव्हता. "दुसऱ्याचा दोर असंल तर मामा कापतील," तो म्हणे. "बापाच्या काळातलं वजन खाली असल्यावर हे बी खालीच जातेल."

मागच्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या एका भावी आमदारांनी नदीत मत्स्यबीज सोडायचं ठरवलं. ते किती वर्षांपासून भावी आहेत, हे त्यांच्या फ्लेक्सवाल्यालाच ठाऊक. ताजा रंग दिलेली होडी फक्त मामांची, म्हणून ती मागितली गेली. मामांनी होडी दिली, आणि लंगर आपल्या हाताने टाकायची अट घालून स्वतःही आले. साहेब, दोन कार्यकर्ते, वल्ह्यावर दगडू, आणि माशांच्या पिलांची पिशवी धरून मी. मामांनी लिंबासमोर रीतीप्रमाणे वजन सोडलं, होडीने प्रवाहाकडे तोंड केलं आणि सगळे हादरले. जनता आणि कॅमेरे खालच्या अंगाला, घाटावर होते. पुढे उभ्या साहेबांची त्यांच्याकडे पाठ झाली होती.

"साहेबांनी जनतेला पाठ दाखवायची व्हय?" एक कार्यकर्ता म्हणाला.

"पाण्याला पाठ दाखवू नका," मामा म्हणाले. "जनता काय बुडवीत न्हाई."

साहेबांनी उदार हसून विषय संपवला. कार्यकर्त्याने दोर तोंडाचा सोडून शेपटाला बांधला, वर भक्तिभावाने सात गाठी मारल्या. होडी फिरली, साहेब जनतेसमोर आले. फोटोत पिवळा डबा वाईट दिसत होता, म्हणून त्याची दोरी कापून तो काढून घेतला. मामांनी फक्त विळा हातात घेतला आणि मागे जाऊन बसले.

वरच्या धरणातून पाणी सोडलं की गावाला भोंग्यावरून सांगतात. त्या दिवशी भोंगा स्वागतगीतात गुंतला होता. पाणी आलं ते आम्हाला पायाला लागल्यावर कळलं. दोर ताणला, शेपूट खाली ओढलं गेलं आणि नदी मागच्या काठावरून सरळ आत येऊ लागली. सात गाठींपैकी एकही सुटेना. साहेब माझ्या दंडाला धरून होते. एवढ्या जवळून मी त्यांना पूर्वी पाहिलं नव्हतं.

"मामा, कापा," दगडू म्हणाला.

मामांनी डावा तळहात ताणलेल्या दोरावर ठेवला, पलीकडच्या टोकाला कोण आहे ते चाचपावं तसा. मग विळा एकदाच ओढला. होडी उसळली, गिरकी घेऊन मोकळी झाली आणि दगडूने ती खालच्या वाळूला लावली.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्स लागला: पुरात होडी वाचवणारे नेतृत्व. मामा त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते. "फोटोत होडी उलटी हाय," एवढंच म्हणाले.

उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा मामांनी झाड आणि कळस रेषेत धरून वाळू उकरली. दगडूने लांब बांबूने डोह धुंडाळला. वजन मिळालं नाही. मुलाने नवा, विकतचा लंगर आणून दिला. मामा तो वापरतात, पण त्याला नुसतं "हे" म्हणतात.

परवा पुन्हा त्यांच्याबरोबर गेलो. लिंबासमोरचा डोह मोकळा होता, आणि त्याच्या चौफेर भोयांच्या होड्या चांगल्या लांब, तोंडं प्रवाहाकडे करून उभ्या होत्या. मी दगडूला हाक मारून विचारलं, मधली जागा का सोडली?

"तितं मामांचं वजन हाय," तो म्हणाला.

मामांनी एकेका होडीकडे पाहिलं, मनातल्या मनात मोजल्यासारखं. "अंतर बरोबर ठिवलंय," ते हळूच म्हणाले, आणि आमची होडी त्यांनी त्याच अंतरावर, आवाज न करता थांबवली.