दोन आकड्यांचा सेल

ती घटना आठवली की आजही माझे डोके तापते. आग विझायला पाच मिनिटेही लागली नव्हती. डोके तापवणारा भाग त्यानंतरचा आहे.

आधी माझ्याविषयी. मी शिपाई म्हणून भरती झालो, खात्याअंतर्गत परीक्षा देऊन फौजदार झालो आणि सहायक पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. माझ्या हाताखाली पंचनामा लिहायला शिकलेले लोक माझ्या पुढे गेले. मी का गेलो नाही, याचे उत्तर माझ्या गोपनीय अहवालातल्या एका शेऱ्यात आहे : ‘वरिष्ठांशी उद्धट वर्तन.’ एका गोदामफोडीत वरिष्ठांना रखवालदारच आरोपी हवा होता. पुरावा काही नव्हता. मी सही करायला नकार दिला, आणि तो नकार हात जोडून नव्हे, टेबलावर मूठ आपटून दिला. त्याचा मला पश्चात्ताप नाही. राग मात्र आहे, आणि तो मी जपून ठेवला आहे.

निवृत्तीनंतर ओळखीतून बहरीनला नोकरी मिळाली. तिथल्या झिंज नावाच्या भागात एका कंपनीची कर्मचारी वसाहत आहे, तिथे सिक्युरिटी सुपरवायझर. गेटवरची वही मी पोलीस ठाण्याच्या स्टेशन डायरीसारखीच ठेवत असे. कोण आले, कोण गेले, कुठला पाइप फुटला, सगळे वेळेसह. तिथले लोक हसायचे. हसू देत.

वसाहतीत कंपनीचे एक मोठे इंजिनिअर राहत. पुण्याचे. त्यांना छोट्या रेल्वे इंजिनांचा नाद. खेळण्यातली नव्हेत, हातभर लांब, हुबेहूब, रिमोटवर धावणारी. इंजिनाच्या पोटात लिथियम बॅटरीचा पॅक बसवलेला असे. हे पॅक बांधून देई वसाहतीचा इलेक्ट्रिशियन. मालवणकडचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. मनामाच्या जुन्या बाजारातून तो निकामी लॅपटॉपच्या बॅटऱ्या आणायचा, फोडून आतले बोटाएवढे सेल वेगळे करायचा आणि पारखायचा.

त्याची पारख मी अनेकदा बघत बसलो होतो. प्रत्येक सेल पूर्ण चार्ज करायचा, व्होल्टेज मोजायचे, मार्करने तो आकडा सेलवर लिहायचा आणि सेल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून द्यायचा. पंधरा दिवस हात लावायचा नाही. पंधराव्या दिवशी पुन्हा मोजून दुसरा आकडा पहिल्याखाली लिहायचा. दोन्ही आकडे जुळले तर सेल चांगला. दुसरा खाली आला तर सेल आतून झिरपतोय, म्हणजे बाद.

“पंधरा दिवस कशाला रे? दोन दिवसांत कळत नाही?” मी एकदा विचारले होते.

“साहेब, भाताचा बी पेरूच्या आदी मूठभर रुजत घालून बघतंव ना आमी? तसा ह्या. घाई केली तर शेत फसता.”

त्या शुक्रवारी सकाळी वसाहतीच्या हॉलमध्ये इंजिनिअरांनी मुलांसाठी नव्या इंजिनाचे प्रदर्शन ठेवले होते. टेबलांवर रूळ मांडले होते, चाळीसेक माणसे जमली होती. इंजिन दुसऱ्या फेरीला असताना त्यातून फुस्स असा आवाज आला, पांढरा धूर निघाला आणि पाठोपाठ ज्वाळा. लोक मागे पळाले. इलेक्ट्रिशियन पुढे पळाला. पेटलेले इंजिन त्याने हातांनी उचलले आणि दारातून बाहेर वाळूत फेकले. त्याचा उजवा तळवा पूर्ण भाजला. बाकी कुणाला ओरखडाही आला नाही.

दुपारी मॅनेजरने मला बोलावले. टाइप केलेला अहवाल टेबलावर तयार होता : इलेक्ट्रिशियनने निकृष्ट बॅटरी बांधली, निष्काळजीपणा केला. खाली माझ्या सहीची जागा.

“इन्स्पेक्टर साब, साइन करो, खलास. संडे को उसका व्हिसा कॅन्सल, टिकट हम देंगे.”

“पूछताछ किसने की?”

“पूछताछ क्या करनी है? बॅटरी कौन बनाता है, सबको मालूम है.”

गोदामाचा रखवालदारसुद्धा ‘सगळ्यांना माहीत’ होता. माझी कानशिले तापली. पण वय वाढले की माणूस मूठ खिशात ठेवायला शिकतो. मी म्हणालो, “संडे तक टाइम दो.” आणि अहवाल घडी घालून घेऊन आलो, म्हणजे त्यावर दुसऱ्या कुणाची सही घेता येऊ नये.

आधी जागेचा पंचनामा केला. दोन साक्षीदार, फोटो, मोजमाप. जळके इंजिन वाळूसकट बादलीत घालून मोकळ्या अंगणात ठेवले आणि वर कागद चिकटवून सह्या घेतल्या. मग दवाखान्यातून परतलेल्या इलेक्ट्रिशियनच्या खोलीवर गेलो. हाताला बँडेज, समोर चहा तसाच.

“पॅक तूच बांधलास?”

“ह्यो पॅक माझो न्हय, साहेब. ह्या इंजिनाचे सेल अजून डब्यात असत. रविवारी पंधरा दिवस होतले. रविवारच्या आदी देवचंय नाय म्हणान इंजिनिअर साहेबांक सांगितलेलंय.”

डबा उघडला. त्याने बारा सेल ठेवले होते, आत आठ होते. हा डबा ज्या कपाटात असे, त्याची एक किल्ली इंजिनिअरांकडे होती.

“हे मॅनेजरला का नाही सांगितलंस?”

“सांगलंय. तो म्हणता, खोटा बोलतंस.” मग चहाचा कप बाजूला सारून तो म्हणाला, “नोकरी गेली तर जावंदे. पण माझ्या हाताक नाव ठेवू नुको. उद्या गावात पंखो दुरुस्त करूक पण कोण बोलावचो नाय.”

आरोपीचे खरे-खोटे त्याला कशाची भीती वाटते यावरून ओळखावे, असे मी शिपायांना शिकवत असे. खोटा माणूस शिक्षेला भितो. हा बदनामीला भीत होता. पण असले निरीक्षण अहवालात चालत नाही, आणि चार सेल कुणी नेले याला साक्षीदार नव्हता.

खबर मिळाली शनिवारी सकाळी, आणि तीही तक्रारीच्या रूपात. इंजिनिअरांच्या शेजारी कोल्हापूरच्या एक काकू राहत. त्या गेटवर येऊन उभ्या राहिल्या.

“काय ओ साहेब, बुधवारी इंजिनिअरांच्यात पूजा झाली म्हणायची, आणि शेजारी परसाद न्हाई?”

“पूजा? तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पायजे? त्यांच्या बाल्कनीतनं दुपारभर राळेचा वास येत हुता. आमच्यात धुपाला राळच घालत्यात, मला कळत न्हाई व्हय?”

मी काकूंना मनातल्या मनात दंडवत घातला आणि इलेक्ट्रिशियनकडे गेलो. राळेचा वास कशाला येतो? तो लगेच म्हणाला, सोल्डरिंगला, म्हणजे कथील वितळवून जोड देताना. सोल्डरच्या तारेत राळ असते. पण तो सेलला सोल्डर कधीच लावत नसे. सोल्डरिंगच्या तापल्या इस्त्रीने सेल आतून बिघडतो. तो स्वतः बनवलेल्या यंत्राने निकेलच्या पट्ट्या क्षणभराच्या चटक्यात जोडायचा.

आम्ही साक्षीदारांसमोर बादली उघडली. त्या इंजिनात दोन सेल पुढे होते, दोन मागे, मध्ये मोटर. पुढचे दोन जळून कोळसा झाले होते, मागचे दोन शाबूत होते. त्यांच्या टोकांवर सोल्डरचे चकचकीत गोळे होते. आणि अंगावर इलेक्ट्रिशियनच्या अक्षरात एकच आकडा. दुसरा नव्हता.

दुपारी मी इंजिनिअरांकडे चहाला गेलो. शिकलेल्या माणसाची चौकशी करताना आरोप करू नये. त्याला शिकवू द्यावे. मी म्हणालो, “साहेब, आमचं शिक्षण बेताचं. हे पंधरा दिवस ठेवायचं काय प्रकरण आहे?”

“अहो, अडाणीपणा आहे तो! मी इंजिनिअर आहे. चार्ज केल्यावर व्होल्टेज बरोबर दिसलं की सेल चांगला. शुक्रवारचं आमंत्रण सगळ्यांना गेलं होतं, आणि हा म्हणतो रविवारी देतो.”

“मग तुम्ही थांबला नाहीत.”

मी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीतले दोन सेल काढले आणि चहाच्या बशीशेजारी ठेवले.

“याच्यावर एक आकडा आहे. त्याच्या हातून गेलेल्या सेलवर दोन असतात. ही सोल्डर कुणाची?”

त्यांनी एक सेल उचलून सोल्डरच्या गोळ्यावरून अंगठा फिरवला. मग आतल्या दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाले, “मुलं होती हो हॉलमध्ये. माझी मुलगी सगळ्यांत पुढे बसली होती.”

“होय. आणि ज्यानं ते उचलून बाहेर फेकलं, त्याचा व्हिसा उद्या रद्द होतोय.”

त्यांनी स्वतःच्या हाताने जबाब लिहून दिला. मी एक शब्दही सांगितला नाही.

रविवारी सकाळी डब्यातले आठ सेल दोन साक्षीदारांसमोर मोजले. भाजलेल्या हाताने मार्कर धरता येत नव्हता, म्हणून दुसरा आकडा मी लिहिला. तीन सेल खाली आले होते. म्हणजे त्या मालात झिरपणारे सेल होतेच. तिथून डोळे मिटून उचलले तर वाईट हाताला लागणारच, आणि त्यांना वर इस्त्रीचा डाग.

मग मी मॅनेजरकडे गेलो. त्याला सत्यापेक्षा इंजिनिअरांची खुर्ची मोठी होती, हे मला ठाऊक होते. म्हणून सत्य नेले नाही, सौदा नेला. त्याच्या अहवालाचे त्याच्यासमोर चार तुकडे केले आणि माझा अहवाल ठेवला.

“इस पर मैंने साइन किया है. ये आपके फाइल में रहेगा, या मालिक के टेबल पर जाएगा, वो आप बोलो.”

“आप मुझे धमकी दे रहे हो?”

“भाव बोल रहा हूँ.”

मी पाच गोष्टी मागितल्या. इलेक्ट्रिशियनचा व्हिसा रद्द करायचा निर्णय लेखी मागे घ्यायचा. इंजिनिअरांचा जबाब इलेक्ट्रिशियनच्या फाइलला लावायचा. हात बरा होईपर्यंत भरपगारी रजा. बॅटरीच्या कामाला वेगळी पक्की खोली, वाळू आणि अग्निशामक नळकांड्यासह, आणि तिची किल्ली एकट्या इलेक्ट्रिशियनकडे. पाचवी, इंजिनिअरांनी भरल्या हॉलमध्ये माफी मागायची.

पाचवीवर तो उसळला. मीही उसळलो. अर्धा तास आमचा आवाज बाहेरच्या कारकुनांना ऐकू जात होता. शेवटी मी फार मोठे मन केल्यासारखे पाचवी सोडली. चारही मिळाल्या. ती पाचवी मला मुळात नकोच होती. सौद्यात सोडून द्यायला हातात एक गोष्ट असावी लागते, हे मी पोलीस खात्यात नव्हे, आठवडी बाजारात आईच्या भाजीच्या पाटीशेजारी बसून शिकलो.

इलेक्ट्रिशियन अजून तिथेच आहे. इंजिनिअर माझ्या देखत त्याची माफी मागायला कधी गेले नाहीत. पण नवीन सेल घेऊन ते त्याच्या खोलीच्या दाराशी उभे राहत आणि विचारत, “कधी होतायत पंधरा दिवस?” तो सांगत असे, आणि ते मुकाट्याने परत जात.

या प्रकरणाने मला काय शिकवले? चौकशी म्हणजे दुसऱ्यांदा मोजणे. पहिल्या दिवशी सगळेच सेल चांगले दिसतात आणि पहिल्या दिवशी आरोपीही सगळ्यांना माहीत असतो. थांबून पुन्हा मोजणारा माणूस कुठल्याच साहेबाला आवडत नाही. त्याला माझा इलाज नाही.

वर्षअखेरीस माझा करार त्यांनी वाढवला नाही. निघताना फाइल मागून घेतली. मॅनेजरने शेरा लिहिला होता : ‘वरिष्ठांशी उद्धट वर्तन.’ इंग्रजीत होता, पण शब्द तेच.

तो कागद मी इलेक्ट्रिशियनला दाखवला. तो ओशाळला. “माझ्यामुळे झाला ह्या, साहेब.”

मी म्हणालो, “वेड्या, पहिला आकडा खात्याने लिहिला होता, दुसरा यांनी लिहिला. एवढ्या वर्षांनी मोजला आणि तसूभर खाली आला नाही. तूच सांग, सेल कसा आहे?”