'अ' कुणी खाल्ला?

ती घटना आजही आठवते. आठवली की आधी हसू येतं, नंतर येत नाही. निवृत्तीनंतर लोक मला खून आणि दरोड्यांच्या गोष्टी विचारतात. मी त्यांना एका अक्षराची केस सांगतो. ऐकणाऱ्यांची आधी निराशा होते, पण उठून कुणी जात नाही.

तेव्हा मी कोल्हापुरात पेठांच्या भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या हद्दीत दोन तालमी आणि दोन्हींचे फुटबॉल संघ. इथला माणूस एक वेळ बांधावरचं भांडण विसरेल, पण आपल्यावर पडलेला गोल विसरणार नाही. त्या वर्षी एका तालमीने एकही सामना न हरता स्पर्धा जिंकली. खुशीत त्यांनी दारावर लावायला स्टीलची मोठी पाटी करून घेतली. शब्द दोनच: 'अपराजित संघ'.

रविवारी सकाळी पाहुण्यांनी दोरी ओढली. कापड खाली आलं, टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच थांबल्या. वर चकचकीत अक्षरांत लिहिलं होतं, 'पराजित संघ'. समोरच्या तालमीतून कुणीतरी लांबलचक शिट्टी मारली.

अर्ध्या तासात आमचं आवार माणसांनी भरलं. पुढे तालमीचे अध्यक्ष, गळ्यात सत्काराचा हार तसाच.

"साहेब, गुन्हा दाखल करा! भर चौकात आमची इज्जत काढलीया!"

"कुणी?"

"ते तुमी हुडका की! आमी काय पोलीस हाय?"

ठाणे अंमलदाराला तक्रार अर्ज लिहून घ्यायला सांगितलं, चौकात चार माणसं बंदोबस्ताला पाठवली आणि खुर्चीत टेकतो तोच माझ्या खबऱ्याचा फोन आला. "साहेब, पाटीचं डिझाइन केलेली बाई समोरच्या तालमीच्या गोलकीपरची सख्खी भन हाय. बाकी तुमचं तुमी बघा."

हेतू सापडला की पोलिसाला निम्मी केस सुटल्यासारखी वाटते. मलाही वाटली. मी स्टेशन डायरीत 'संशयित महिला' अशी नोंदसुद्धा घालून टाकली.

बोलावणं जाण्याआधीच ती स्वतः आली, काखेत लॅपटॉप घेऊन. वय चाळिशीचं. फौंड्रीवाल्यांना पंपाची, साच्यांची ड्रॉइंग संगणकावर काढून द्यायचा तिचा स्वतःचा छोटा धंदा. महिला अंमलदाराला शेजारी बसवून मी चौकशी सुरू केली.

तिच्या लॅपटॉपवरची मूळ फाइल उघडायला लावली. 'अपराजित'. पाटी कापून देणाऱ्या कारखानदाराला त्याच्या फाइलसह बोलावलं. त्याच्याकडे 'पराजित'.

"तुमच्याकडे बरोबर आणि यांच्याकडे चूक. मध्ये फाइलला हात कुणाचा लागला?"

"माझाच. त्यांचा प्रोग्रॅम निराळा, माझा निराळा. माझी फाइल त्यांच्या प्रोग्रॅममध्ये मीच बदलून दिली."

"मग 'अ' कुणी खाल्ला?"

"माहीत न्हाय, साहेब."

"बदलल्यावर तपासली नाही?"

"तपासली की! सगळी मापं घेतली. अर्ध्या मिलिमीटरचा फरक नव्हता."

ड्रॉइंगवाल्या माणसाचं हे असं. माप घेईल, रेघ तपासेल, पण अक्षर म्हणजे त्याला नक्षी. मला मात्र ते उत्तर चलाखीचं वाटलं आणि माझा आवाज चढला. तेव्हा ती पहिल्यांदा रडवेली झाली.

"साहेब, मला शिक्षा काय व्हईल त्याचं न्हाय. पण हिनं ड्रॉइंगमधनं मुद्दाम अक्षर काढलं, असं एकदा झालं की उद्या माझ्या दारात कोण येणार? रेघ हलली तर आख्खा माल भंगारात जातो. लोक विश्वासावर काम देत्यात."

मग तिने पिशवीतून एक कागद काढला. कापण्याआधी कारखान्यातल्या फाइलवरून छापलेली प्रत, खाली अध्यक्षांची सही आणि 'मजकूर बरोबर आहे' असा शेरा. मी कागद घेऊन मोठ्याने वाचला, "अपराजित संघ. हे तर बरोबर आहे की!"

महिला अंमलदार खाकरली. "साहेब, त्यात 'अ' न्हाय."

पुन्हा पाहिलं. खरंच नव्हता. शब्द कागदाच्या बरोबर मधोमध बसला होता, त्यामुळे मोकळी जागाही दिसत नव्हती. तिने वाचलं, अध्यक्षांनी वाचलं, आत्ता मी वाचलं आणि तिघांनीही नसलेला 'अ' वाचला. शिवाय जिला मुद्दाम अक्षर गाळायचं आहे, ती चुकीची प्रत दाखवून सही कशाला घेईल? माझी केस तिथेच लंगडी पडली.

मी अध्यक्षांना आत बोलावलं. दोन संगणक शेजारी ठेवले, साक्षीला दोन पंच बसवले आणि बाईंना हात मागे ठेवायला सांगितलं. "अध्यक्ष, हिच्या लॅपटॉपवर तुम्हाला आवडेल तो शब्द लिहा. मग ती सांगेल तशी फाइल तुम्हीच बदला."

अध्यक्षांनी एकेक कळ शोधत मोठ्या अभिमानाने लिहिलं, 'अध्यक्ष'. फाइल बदलली, दुसऱ्या संगणकावर उघडली. पडद्यावर आलं, 'ध्यक्ष'.

पंचांपैकी एकाला हसू आवरेना. अध्यक्ष पडद्याकडे पाहतच राहिले. "आयला, माझापन खाल्ला की!"

"गुन्हा दाखल करू?" मी विचारलं. "आत्ता 'अ' तुमच्या हातून गेलाय."

कारण बाईंच्याच लक्षात आलं. तिचा मराठी फॉन्ट जुना. त्यात 'अ' ज्या खुणेवर बसवलेला होता ती म्हणजे महिरपी कंस. दुसऱ्या प्रोग्रॅमला तो कंस म्हणजे आपल्यासाठीची सूचना वाटते, म्हणून तो ती गुपचूप घेतो आणि छापत नाही. बाकी अक्षरं सुखरूप जातात. कुणी काही काढलं नव्हतं. अध्यक्षांनी तक्रार मागे घेतली, बाहेर जाऊन आपल्याच पोरांवर ओरडले आणि बाईंना म्हणाले, "ताई, चुकलं आमचं. आता तेवढा 'अ' लावून द्या."

संध्याकाळी 'अ' वेगळा कापून जोडला. शिडीवर चढून पाटी धरायला कोण होता म्हणाल? समोरच्या तालमीचा गोलकीपर. खालून दोन्ही बाजूंची पोरं ओरडत होती, "धर रं नीट! मैदानात सोडतोस तसा सोडू नकोस!"

पण माझ्यासाठी केस तिथे संपली नाही. अर्ज निकाली काढायचा तर बाईंचा जबाब हवा होता. माझ्या लेखनिकाने तो टाइप केला आणि रिवाजाप्रमाणे मी तो तिला वाचून दाखवला. शेवटचं वाक्य होतं, "सदरची चूक मी हेतुपुरस्सर केली नाही." पेन पुढे केलं.

तिने पेन घेतलं नाही. कागद ओढून एकेका शब्दावर बोट ठेवत ती वाचायला लागली. मला घाई होती, जरा रागही आला. शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"साहेब, हितं 'नाही' न्हाय."

कागदावर होतं, 'सदरची चूक मी हेतुपुरस्सर केली.' टाइप करताना एक शब्द राहिला होता. एका निरपराध बाईचा लेखी कबुलीजबाब तयार होता आणि मी तो तिला त्यात 'नाही' घालून, खणखणीत आवाजात वाचून दाखवला होता. मला मनापासून लाज वाटली आणि मी तिची माफी मागितली. जबाब पुन्हा टाइप झाला, तिने पुन्हा बोट ठेवून वाचला आणि सही केली.

डोक्यात जे आधीच लिहिलेलं असतं तेच माणूस कागदावर वाचतो, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे नोकरी संपेपर्यंत मी प्रत्येक जबाब बोट ठेवून वाचला. हाताखालचे हसायचे, हसू दिलं. पण त्याआधी इतकी वर्षं मी भरभर जबाब वाचून दाखवले आणि माझ्या आवाजावर भरवसा ठेवून लोकांनी खाली सह्या केल्या. त्यातल्या कुणीच बोट ठेवून वाचलं नव्हतं.