बायकोचा पगार आणि वैरागडे काका

बायकोच्या पगाराविषयी विचारायला नवरा एकटाच आला, की वैरागडे काका त्याला चहा विचारत नसत. गांधीबागेत कापडाच्या दुकानाच्या माडीवर त्यांचं करसल्ल्याचं ऑफिस होतं. समोरची रिकामी खुर्ची दाखवून ते म्हणत, "पगार तिचा ठरवून राहिला अन् तिलेच घरी काहून ठेवलं गा?"

माझ्या नवऱ्याला, सुधीरलाही त्यांनी असंच परत पाठवलं, म्हणून पुढच्या वेळी मी त्याच्यासोबत जाऊन त्या खुर्चीवर बसले. बुटीबोरीला सूत रंगवायची आमची छोटी कंपनी. कर वाचावा म्हणून सुधीरला माझा पगार नुसता कागदोपत्री दाखवायचा होता.

"सगळेच करतात, काका," सुधीर म्हणाला.

"करतात न. मंग नोटीस आली का माह्याकडंच पळत येतात." सासऱ्यांचे जुने मित्र, त्यामुळे ते मोकळं बोलत. "घरच्या कंपनीतून बायकोले पगार देला, तर तो नवऱ्याच्याच उत्पन्नात जोडतात. त्याले क्लबिंग म्हणतात. तिच्याजवळ त्या कामाचं शिक्षण असन अन् त्याच शिक्षणाचं काम ती खरंच करत असन, तरच तो पगार तिचा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू काय शिकली वं, सूनबाई?"

लग्नानंतर हे मला कुणी विचारलंच नव्हतं. "बी.एस्सी. केमिस्ट्री. मग कापड रंगवण्याचा डिप्लोमा," मी म्हटलं. सुधीर माझ्याकडे बघत राहिला. त्याला ठाऊक होतं, पण आठवत नव्हतं.

"सोमवारपासून हिले कारखान्यात ने," काका म्हणाले. "बाहेरच्या केमिस्टले देशील तेवढाच पगार दे. अन् हिच्याच खात्यात."

मी नंदनवनमधल्या आमच्या घरून रोज कारखान्यात जाऊ लागले. सुरुवातीला कामगार माझ्यादेखत सुधीरलाच विचारत. हळूहळू मला विचारू लागले. काका अधूनमधून फोन करत, "रंग बसून राहिला का?"

पुढे आयकर खात्याने माझ्या पगारावर शंका घेतलीच. सुनावणी व्हिडिओवर होती. काकांनी माझी ओळख करून दिली आणि पुढचं बोलणं माझ्यावर सोडलं. अधिकाऱ्याने माझं काम विचारलं. धुताना निळा रंग का सुटतो आणि आम्ही तो कसा धरून ठेवतो, हे मी सांगत गेले. मध्येच काकांकडे पाहिलं, तर मुलीच्या तोंडी परीक्षेला आलेल्या बापासारखे ते डोळे मिटून बसले होते. निकाल आमच्या बाजूने लागला. पगार माझाच राहिला.

मी पेढे घेऊन गेले. पेढा हातात धरून त्यांनी विचारलं, "इतक्या पगारातून सोतासाठी काय घेतलं वं?"

मला एकही वस्तू सांगता येईना.

"मंग आयकराचं क्लबिंग सुटलं," ते हळूच म्हणाले, "घरचं चालूच हाये."

गेल्या हिवाळ्यात काका गेले. मी भेटायला गेले, तेव्हा त्यांच्या दारात काकूंनी विचारलं, "तू कोणाची वं?" सासऱ्यांचं नाव ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "मी केमिस्ट आहे, काकू. काकांनी मला कामाला लावलं."

काकूंनी माझा हात धरला आणि मला आत नेऊन आपल्याजवळ बसवलं.