पडद्याकडे पाठ

आमच्या मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आयुष्यभर सिनेमाचा धंदा केला, पण सिनेमा फारसा पाहिला नाही. पुसदला त्यांची टॉकीज होती. नवा खेळ लागला की ते पडद्याच्या कडेला दाराशी उभे राहायचे, पडद्याकडे पाठ करून, आणि पब्लिककडे बघत राहायचे. पडद्याचा उजेड लोकांच्या तोंडावर पडे, तेवढा त्यांना पुरे. मध्यांतर होण्याआधी ते सांगून मोकळे व्हायचे की हा खेळ दोन आठवडे जाईल, की सोमवारीच रिळांच्या पेट्या बांधून परत धाडायच्या.

ही खोड मूक सिनेमाच्या दिवसांतली. तरुणपणी ते तंबू घेऊन जत्रांमधून आणि बाजाराच्या गावांमधून फिरले. चित्राला आवाज नाही, म्हणून ते स्वतः पडद्याशेजारी उभे राहून हातवारे करत गोष्ट सांगायचे. खेळ लोकांना धरतो आहे की नाही, हे ते भुईमुगाच्या शेंगांवरून ओळखत. "शेंगा फुटून राह्यल्या म्हणजे पब्लिकचं ध्यान शेंगाईत," ते सांगत. "टरफलाचा आवाज थांबला का समजायचं, खेळ लागला." पुढे बोलपट आले, त्या गलक्यात शेंगा ऐकू येईनात, तेव्हा मामाजी तोंडं बघू लागले. त्यातही बाजाराच्या दिवशी बंजाऱ्यांच्या तांड्यावरून येणाऱ्या बायांवर त्यांचा फार भरवसा. सिनेमातलं ते उर्दू त्यांना कुठलं समजायला! "त्यायले बोलणं समजत नायी, चित्र समजते. त्या हलल्या नायी म्हणजे खेळ खरा."

हे सगळं मला त्यांनी ओसरीवर बसून सांगितलेलं, आणि मला त्यातला शब्द न् शब्द कळला होता. तंबूतल्या सवयीनं ते समोर बसून, ओठ पुरते उघडून आणि हात हलवून बोलत. घरातल्या बाकी कुणाचं बोलणं मला इतकं सोपं जात नव्हतं.

कारण मला ऐकू येत नव्हतं. अकराव्या वर्षी विषमज्वर झाला, त्यात डावा कान गेला आणि उजव्यात अगदी जवळचं, मोठ्यानं बोललेलं तेवढं उरलं. बोलता येत होतं, ओठ वाचायला मी आपोआप शिकले होते. बाभुळगावला आईवडिलांनी ही गोष्ट दाबून ठेवली आणि तशीच दाबून माझं लग्न लावून दिलं. निघताना आईनं एवढंच सांगितलं, उजेडाकडे तोंड करून उभी राहत जा आणि कळलं नाही तर हसत जा.

सत्तावन-अठ्ठावन साल असेल. सासरी सहा महिने मी हसून काढले. ह्यांना महिन्याभरात कळलं असावं, पण ते ओठ मिटून राहिले. सासूबाईंना मात्र वाटे की सून मोठी ताठ्याची आहे. त्या पाठीमागून हाक मारायच्या आणि मी खुशाल तांदूळ निवडत बसायची. "हिले एवढा कायचा ताठा हाये? माहेरी धाडून द्या हिले," हे त्यांचं वाक्य मी दोनदा तरी त्यांच्या ओठांवर पाहिलं. नुसत्या ताठ्यासाठी ही भाषा, मग बहिरेपण कळलं तर? ट्रंक उचलून बाभुळगावची मोटार. त्या काळात असं घडत असे, आणि परत आलेल्या मुलीचं पुढे काय होतं तेही मी बघितलं होतं. मी सतत घाबरलेली असायची, हे आज सांगायला मला लाज वाटत नाही.

एका रविवारी सासूबाईंबरोबर तीनच्या खेळाला गेले. जनान्यात आम्ही पुढेच बसलो. चित्रातली विधवा आई मुलाच्या पत्राची वाट बघत होती. डाकवाला रोज येई आणि रोज पुढे निघून जाई. एकदा ती त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या भरून दारात ठेवते, ते बघून माझे डोळे वाहू लागले. बराच वेळ गेला असेल. कुठून कुणास ठाऊक, मला वाटलं कुणीतरी माझ्याकडे बघतंय. मान वळवली तर पडद्याच्या कडेला मामाजी, आणि त्यांची नजर थेट माझ्यावर.

मग मी आजूबाजूला पाहिलं. सगळ्या बाया मागे वळून केबिनकडे तोंड करून ओरडत होत्या. पुरुषांकडचे काही लोक खुर्च्यांवर चढले होते. मशीनमधला आवाजाचा दिवा गेला होता, चित्र चालू राहून नुसता आवाज बंद पडला होता, आणि भरल्या टॉकीजमध्ये ते न कळलेली मी एकटीच होते. मीही घाईनं मागे वळले आणि तोंड उघडलं. पण ज्यांच्यापासून लपवायचं त्यांनी पाहून घेतलं होतं.

घरी आल्यावर मामाजी काही बोलले नाहीत. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. बुधवारी कळलं की त्यांनी माझ्या वडिलांना बोलावणं पाठवलं आहे. मी ट्रंक भरायला घेतली. दोन लुगडी ठेवली, काढली, परत ठेवली.

गुरुवारी दुपारी वडील आले. मामाजींनी त्यांना पाणी दिलं आणि म्हणाले, "चाला, टॉकीजवर जाऊ." मलाही घेतलं, सासूबाईंना आणि ह्यांनाही. नव्या खेळाच्या पेट्या गुरुवारी येत आणि मामाजी पहिली तीन रिळं आवाज बंद करून लावायला सांगत. बोलल्याशिवाय ज्याला गोष्ट सांगता येत नाही त्या चित्राचं नाणं खोटं, असा त्यांचा हिशेब. रिकाम्या टॉकीजमध्ये आम्ही पाच जण बसलो आणि मुकी तीन रिळं पाहिली. वडिलांनी पडद्याकडे एकदाही पाहिलं नसेल.

दारं उघडून उजेड आत आल्यावर मामाजींनी सासूबाईंना विचारलं, "काय झालं गोष्टीत?"

"आवाज नायी, मले काय समजते!"

ह्यांनी थोडं सांगितलं आणि अडकले. मग मामाजी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "सांग माय."

मी सांगितलं. बाई कुणाच्या घरातून निघाली, चिठ्ठी पिठाच्या डब्यात का लपवली, म्हातारा तिच्यावर का चिडला, सगळं. फक्त एका माणसाला मी तिचा नवरा समजले. मामाजी हसले. "तो दीर हाये. माह्याही तंबूत लोक असेच चुकत."

मग ते वडिलांकडे वळले. वडिलांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"व्याहीबुवा, पोरीले ऐकू येत नायी हे तुम्ही लपवलं. याचा राग हाये मले, अन् तो राहीन. पण मी बारा वर्षं मुका सिनेमा दाखवला. माह्या तंबूत पडद्यावरचं कोणालेच काही ऐकू येत नव्हतं, तरी लोक रडत, हसत. त्यायच्याच जिवावर मी उभा राह्यलो. मंग एका पोरीले ऐकू येत नायी म्हणून मी घराबाहेर काढू काय?" आणि माझ्याकडे वळून, सावकाश, "तुले राह्याचं हाये काय इथं? तुह्या तोंडानं सांग."

"राहायचं आहे," मी म्हणाले. किती मोठ्यानं म्हणाले ते मला कळलं नाही. नंतर हे सांगत होते की केबिनमधला ऑपरेटर डोकं बाहेर काढून बघायला लागला होता.

पुढे कैक वर्षं दर गुरुवारी त्या तीन रिळांना मी मामाजींच्या शेजारी बसले, आणि माझ्या शब्दावर त्यांनी खेळ ठेवले, परत धाडले. कुणी माझ्यावर इतका विश्वास टाकला नव्हता. त्यांचे उपकार मला कधी फेडता आले नाहीत आणि फेडावे असंही वाटलं नाही. ते तसेच जवळ बाळगायला बरं वाटतं.

पण त्या दुपारी माझं लक्ष सासूबाईंकडे होतं. घर त्यांचं होतं. त्या उठल्या, माझ्यासमोर आल्या, आणि कमरेवर हात ठेवून एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "म्हणजे सहा महिने मी तुले बोलून राह्यली, ते समदं वाया गेलं?"

मला हसावं की रडावं कळेना. मी होकारार्थी मान हलवली.

"बरं," त्या म्हणाल्या. "आता समोर उभी राहून बोलीन."

त्यांनी शब्द पाळला. त्या गेल्या तोवर मला त्यांचं एकही बोलणं चुकलं नाही.