वारा की पाणी?

लग्नाच्या व्हिडिओचं काम करणाऱ्यांकडे जेवढं फुटेज, तेवढे किस्से. फरक एवढाच की फुटेज डिलीट करता येतं!

आमची मिक्सिंगची खोली जव्हारला, एका पिठाच्या गिरणीच्या वरती. आम्ही तिघं. मी अल्बम डिझाइन करते. दिनेश कॅमेरा चालवतो आणि कम्प्युटरचं हार्डवेअरही बघतो. विलास एडिटिंग करायचा. 'करायचा' म्हणायची जिभेला अजून सवय नाही. गेल्या पावसाळ्यात तो गेला.

किस्से बहुतेक त्याचेच. आणि बहुतेक एकाच भांडणातले. कम्प्युटर थंड ठेवायला वारा बरा की पाणी?

*

कम्प्युटर आम्ही घरीच जोडलेला. पार्ट मुंबईहून मागवले, दिनेशने जमिनीवर चादर अंथरली आणि एकेक बसवत गेला. प्रोसेसरवर चांगला मोठा पंखा लावला. पहिली काही लग्नं झकास निघाली.

मग उन्हाळा आला. डोक्यावर पत्रा, पायाखाली गिरणी. एडिट झालेला व्हिडिओ रेंडरला, म्हणजे एकसंध फाइल करायला, लावला की मशीन तापायचं आणि धाडकन बंद! तेही नेमकं पाठवणीला. नवरी आईच्या गळ्यात पडली की स्क्रीन काळी.

मोखाड्याचे एक नवरीचे वडील चकरा मारून कंटाळले. शेवटी दारातच उभे राहून म्हणाले, "पोर सासरी गेली, तिला दिवस गेले, आन् तुमच्या मशीनीत ती अजून आमच्याच दारात रडते!"

*

दिनेशने पंखा खोलला. मागच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये नागलीचं पीठ गच्च बसलेलं. स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढावं लागलं. खाली पसरलेल्या पेपरवर ढीग झाला.

विलास म्हणाला, "एका माणसाची भाकर होती रे. हे काय उपाशी नाय मेलं, खाऊन मेलं!"

दिनेशच्या डोक्यात तेव्हापासून पाणी शिरलं. "प्रोसेसरवरून नळीने पाणी फिरवायचं. ते उष्णता घेऊन मागच्या खिडकीबाहेर जाईल. रेडिएटर तिकडेच टांगू, गाडीला असतो तसा. त्या बाजूला पीठ येत नाही."

विलास सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरचा. उन्हाळ्यात त्याची आई विहिरीत उतरते, तळाशी झऱ्याजवळ बसते आणि वाटीवाटीने हंडा भरते. तो उसळलाच. "आमच्याकडं माणसाला पानी नाय, नि तू मशीनला पाजतोस?"

"अरे, तेच पाणी फिरत राहतं. एकदा भरलं की झालं, परत बघायला नको!"

"पाड्यावर टाकी बांधली तेव्हा हेच सांगितलं होतं," विलास म्हणाला. "एकदा भरली. परत कोण बघायला आला नाय."

त्या दिवशी वारा जिंकला.

*

पावसाळा सरला तसे विलासचे पाय सुजायला लागले. बसून बसून होत असेल, असं आम्हीच त्याला सांगायचो. चप्पल पायात जाईना, तेव्हा त्याची बायको जयवंती त्याला नाशिकला घेऊन गेली. दोन्ही किडन्या गेलेल्या.

मग डायलिसिस सुरू झालं. जव्हार डेपोतून एसटी, घाट, तिथे मशीनला जोडून पडायचं आणि परत एसटी. वर पाणी मोजून, कारण प्यायलेलं अंगातच साठतं. दिवसभराला एक छोटी बाटली, त्यातच चहा आला, त्यातच आमटी आली.

पहिल्यांदा डायलिसिस करून तो खोलीवर आला. दिनेश उगाच की-बोर्ड पुसत बसला. विलासच म्हणाला, "नळीनं माझं रक्त बाहेर काढतात. साफ करतात, परत आत सोडतात. मधे पंप हाय. दिनेश, तुझी ती पान्याची सिस्टीम मला आता कळली."

मग म्हणाला, "लाव. चालती."

*

साधं पाणी त्यात घालता येत नाही, नळ्यांत क्षार धरतात. बॅटरीचं पाणी लागतं. आम्ही तिघं बॅटरीवाल्याकडे गेलो.

"कुठली गाडी?" दुकानदाराने विचारलं.

"गाडी नाही, कम्प्युटर आहे," दिनेश म्हणाला.

त्याने चष्मा कपाळावर चढवला, आमच्याकडे बघितलं आणि काही न विचारता कॅन काढून दिला. विलासने तो घेतला आणि तिथल्या स्टुलावर मांडीवर ठेवून बसला. दुकानदार सवयीने म्हणाला, "हे प्यायचं नसतं हं."

विलास म्हणाला, "म्हणून तर माझ्याकडं दिलंय, काका."

*

मशीन खरोखर गारेगार झालं. पाठवण्या अडकायच्या बंद झाल्या. पारदर्शक नळ्यांतून पाणी फिरायचं, शेजारी विलास बसून काम करायचा.

मग एक दिवस नळीच्या सांध्यातून पाणी गळायला लागलं. कोणाच्या लक्षात येईपर्यंत ते ग्राफिक्स कार्डवर गेलं. चर्र आवाज आणि अंधार! हार्ड डिस्क वाचली, कार्ड गेलं. दिनेश डोकं धरून बसला. त्याचाच हट्ट होता ना!

विलासची त्या दिवशी तब्येत बरी नव्हती. चेहरा सुजलेला, भिंतीला टेकून बसला होता. मशीनकडे बघत म्हणाला, "ह्याच्याबी अंगात पानी झालं!"

आणि हसायला लागला. हसता हसता त्याला धाप लागली. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. दिनेश उठून खाली गिरणीत गेला. गिरणी चालू असली की खालचं रडणं वर ऐकू येत नाही.

*

नवीन कार्ड आलं, सांधा घट्ट केला, पाणी पुन्हा फिरायला लागलं. विलास मात्र पावसाळ्यात गेला.

दिवसकार्य झाल्यावर जयवंती त्याचे कपडे आणि डबा न्यायला खोलीवर आली. याआधी ती कधी वर आली नव्हती. नळ्यांकडे बघून तिने विचारलं, "हे काय?"

दिनेशने समजावून सांगितलं. पाणी कुठून जातं, कुठून परत येतं, सगळं.

"ते कुठं बसायचे?"

दिनेशने खुर्ची दाखवली. ती त्या खुर्चीवर बसली. नळ्या बरोबर तिच्या डोळ्यांसमोर आल्या.

"दिवसभर?" तिने विचारलं.

जयवंती उठली, डबा पिशवीत घातला. दारातून म्हणाली, "काढा ते पानी."

दिनेशने ते लगेच काढलं. आता पुन्हा पंखा आहे. खिडकीला जुनी नायलॉनची साडी ताणून बांधली आहे, पीठ अडवायला. दिनेश ब्रशने पंखा साफ करत राहतो. तरी मशीन तापतं, बंद पडतं, लोक येऊन भांडतात. पाण्याचं नाव कोणी काढत नाही.

*

एक सांगायचं राहिलंच.

तो जायच्या आधीचा उन्हाळा. खोडाळ्याजवळच्या पाड्यावर हळदीचं शूटिंग होतं. विलासला नको म्हटलं होतं, तरी आला. "जल्मभर दुसऱ्यांची लग्नं स्क्रीनवर बघतोय. एक तरी समोर बघू दे!"

ऊन रणरणत होतं. पाड्यावरच्या बायका खालच्या विहिरीवरून हंडे घेऊन चढत होत्या. आम्ही मांडवात टेकलो, तशी नवरीची आजी तांब्या घेऊन आली. दिनेश प्यायला, मी प्याले. आजीने तांब्या पुन्हा भरून आणला आणि विलाससमोर धरला.

"त्याला नको, आजी," दिनेश पटकन म्हणाला.

आजीचा हात तिथेच थांबला. "का? आमच्या घरचं पानी चालत नाय काय?"

मांडवातली माणसं वळून बघायला लागली. मी सांगायला तोंड उघडलं, "आजी, तो जरा..." विलासने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले. हळदीच्या मांडवात आजारपण कशाला काढायचं!

त्याने दोन्ही हातांनी तांब्या घेतला. मान वर केली, डोळे मिटले आणि वरून धार धरली. सावकाश. शर्टावर एक थेंब सांडला नाही. तांब्या रिकामा झाला तेव्हा डोळे उघडले.

आजीचा चेहरा खुलला. "बेस हाय ना पानी?"

"बेस हाय," विलास म्हणाला. तोंड पुसलं, तांब्या तिच्यासमोर धरला.

"आजी, अजून हाय का?"