मिठागराच्या सुनेचा आवाज

ताइनानच्या चित्रपट संग्रहात शी मिंग-त्से नावाचे गृहस्थ आहेत. वय सत्तावन्न, काम जुन्या सिनेमांचा आवाज दुरुस्त करण्याचं. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. स्वभाव असा, की नाश्त्याची पेज वाढणाऱ्याने "आज मासा ताजा आहे" म्हटलं तरी यांच्या मनात पाल चुकचुकते. ताजा मासा सांगावा लागत नाही. सांगतोय म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे.

जन्मजात ते असे नव्हते. चार वर्षांपूर्वी एका माणसाने त्यांना जुनी म्हणून एक फीत दिली. मास्तरांनी भाबडेपणाने ती सिनेमात जोडली, आणि पहिल्याच खेळात, पडद्यावरच्या साठ वर्षांपूर्वीच्या गावात, नायिकेच्या रडण्यामागे मोबाइल वाजला. सगळं थिएटर हसलं. तेव्हापासून दुधाने तोंड पोळलेले मास्तर ताकच काय, पाणीही फुंकून पितात.

या वर्षी त्यांच्याकडे 'मिठागराची सून' हा सिनेमा आला. तैवानी बोलीतला, १९६४चा, कृष्णधवल. जगात त्याची एकच प्रत उरली होती, आणि तिच्या शेवटच्या दोन रिळांवरची आवाजाची पट्टी बुरशीने खाल्लेली. त्यातून जुना सिनेमा, म्हणजे एकाच पट्टीवर बोलणं, गाणं, वारा सगळं कालवलेलं. एक उपसायला जावं तर दुसरं हाती येतं.

मग एक दिवस लुआ ग्वे-हा नावाच्या ब्याऐंशी वर्षांच्या आजी आंब्यांची पेटी आणि एक फीत घेऊन आल्या. त्यांचा नवरा रेडिओवर वेळ विकत घेऊन यकृताच्या गोळ्या विकायचा. लोकांनी रेडिओ बंद करू नये म्हणून गोळ्यांच्या मधे मधे सिनेमांचा आवाज लावायचा. त्यातलीच ही फीत.

"शेवटच्या दोन रिळांतला सुनेचा आवाज माझा आहे," आजी म्हणाल्या. "आवाज देणारी बाई ऐनवेळी भांडून निघून गेली. आवाज रेडिओच्याच खोलीत भरत होते; मी नवऱ्याचा डबा घेऊन गेले होते, तर मलाच उभं केलं. नावांच्या पाट्या आधीच छापून झालेल्या, त्यामुळे नाव नाही."

"कुणी साक्षीदार?"

"सगळे मेले. घरात कुणाला पटत नाही. सून म्हणते, सासूबाईंना दुपारची स्वप्नं पडतात. मास्तर, मरायच्या आधी एकदा कुणीतरी म्हणावं, की ही बाई खोटं बोलत नव्हती. बाकी मला काही नको."

आजी गेल्यावर मास्तरांनी आंब्यांकडे असं पाहिलं, जणू पेटीत बॉम्ब आहे. "आंबे कशाला आणले? खऱ्या माणसाला आंबे लागत नाहीत."

"मी नेते घरी," संग्रहाची रिळं सांभाळणाऱ्या को बाई म्हणाल्या. "लाच पचवायची मला सवय आहे."

मास्तर कामाला लागले. पहिल्या दिवशी नेहमीच्या शिरस्त्याने फितीतली विजेची घरघर आणि बारीकसारीक कचरा काढून टाकला. हात धुऊन जेवायला बसावं तसं ते काम, त्यात विचार कसला करायचा? मग ऐकायला बसले. आवाज कोवळा, चिरका, सोळा वर्षांच्या पोरीचा. आजींचा आवाज तर रांजणातून आल्यासारखा. शिवाय पडद्यावरचा दहा मिनिटांचा प्रसंग फितीवर नऊ मिनिटांतच उरकत होता. ओठ कुठे, शब्द कुठे!

"हे बघा!" ते को बाईंना म्हणाले. "नातीकडून वाचून घेतलंय. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

त्यांनी संग्रहाच्या शिक्क्यानिशी आजींच्या घरी पत्र पाठवलं: फीत मूळ नाही, आवाज अलीकडे भरलेला दिसतो, घेता येणार नाही. पत्र लिहिताना त्यांना बरं वाटलं, हे मुद्दाम सांगायला हवं.

दहा दिवसांनी को बाईंनी सहज ती फीत ऐकली आणि हसू लागल्या.

"अहो, हा तर तो गोळ्यावाला! आमच्या घरी रोज लागायचा. याचे सगळे सिनेमे घाईत असायचे. प्रेमसुद्धा लगबगीने करायचे लोक. आई म्हणायची, हा मेला सिनेमा पळवतो, म्हणजे गोळ्यांना जास्त वेळ!"

मास्तर हसले नाहीत. ते उठले आणि फितीची साफसफाईआधीची, हात न लावलेली नक्कल काढली. तैवानची वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते; आवाज भरायच्या खोलीत तिची घरघर फितीवर उतरतेच. इथे ती सहासष्टवर होती. घरघर राहिली असती, तर फीत जास्त वेगाने पळवलेली आहे हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या माणसाने एकावर तेवढा घेतला नव्हता, स्वतःच्या हातावर.

त्यांनी वेग उतरवला. सहासष्टचे साठ झाले, तशी पोरीची बाई झाली आणि शब्द ओठांवर जाऊन बसले. आणि एका वाक्याच्या आधी, वाऱ्याच्या आडून, पुरुषाची कुजबुज ऐकू आली. त्यांनी कचरा म्हणून काढली होती ती. मास्तरांनी ती तीनदा ऐकली आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्याच दुपारी ते आजींच्या घरी गेले. दार सुनेने उघडलं. "आता आणखी काय? तुमच्या पत्रानंतर त्या धड जेवत नाहीत. विषयही काढत नाहीत."

आजी पंख्यासमोर शेंगा सोलत होत्या. मास्तरांना पाहून त्यांनी मान खाली घातली.

"राग नाही हो," त्या म्हणाल्या. "एवढी शिकलेली माणसं शिक्का मारून सांगतात, म्हणजे मीच कुठेतरी ऐकलेलं माझं समजत असेन. म्हातारपणी होतं असं."

"आजी, चूक माझी झाली. एकदा ऐका."

त्यांनी यंत्र जमिनीवर ठेवून चालू केलं. वारा आला, मिठावर फावडं खरखरलं. मग तो पुरुष कुजबुजला: "ग्वे-हा, आता तू."

"हो, हो," आजी पटकन म्हणाल्या आणि हातातल्या शेंगा खाली पडल्या. पाठ ताठ झाली, आणि यंत्रातल्या बाईबरोबर, एका श्वासाचाही फरक न पडता, त्यांच्या तोंडून वाक्य बाहेर पडलं: "या घरचं मीठ मी पिकवलंय, सासूबाई! खाल्लं मात्र तुम्ही!"

सून दारातच थबकली. एक आवाज तरणा, एक थकलेला, पण ठसका तोच. ती येऊन सासूजवळ जमिनीवर बसली.

"सासूबाई, हे तर तुम्हीच."

आजींनी तिच्याकडे पाहिलं नाही. डोळे पुसायलाही हात वर केला नाही. पुढचं वाक्य त्यांचंच होतं.